राखणीचा कुत्रा दात का वाजवतो?

पिकांच्या अंकात कुत्र्याविषयी लेख पाहून आपणांस नवल वाटेल. मलाही तो लिहावा लागेल असे वाटले नव्हते. माझा विषय कृषिविद्या, म्हणजे कपाशी, तूर, हरभरा यांची लागवड. पण गेल्या वर्षी मार्गशीर्षात पांढरकवड्याकडील एका गावी हरभऱ्याच्या ओलितावर बोलून झाल्यावर "काही शंका असल्यास विचारा" असे म्हटले, तेव्हा मागे बसलेले एक वयस्क शेतकरी उठून म्हणाले, "सर, पाण्याचं समजलं. पण माह्यं राखणीचं कुत्रं आठ दिवसांपासून दात वाजवते. लोक म्हणतात पिसायलं, मारून टाक. मारू काय?"

सभेत हशा पिकला. ते मात्र हसले नाहीत. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला ज्यांचे वावर आहे त्यांना राखणीच्या कुत्र्याची किंमत सांगावी लागत नाही. रोही आणि रानडुकरे धुऱ्यावर आली की तोच उठवतो आणि जागलीवर झोपलेल्या माणसाला वाघाची पहिली खबरही तोच देतो. असा कुत्रा उगाच मारला तर नुकसान. पिसाळलेला असून ठेवला तर जिवावर बेतणार. मला उत्तर येत नव्हते. "काका, आज मारू नका, मी संध्याकाळी वावरात येतो," एवढेच सांगितले.

संध्याकाळी आम्ही जे पाहिले ते असे. तांबूस रंगाचा, तीन-चार वर्षांचा नर कुत्रा. धुऱ्यावरच्या पळसाच्या बुंध्याशी गेला, बराच वेळ हुंगले, मग ती जागा दोन-तीनदा चाटली आणि मान किंचित उचलून स्तब्ध उभा राहिला. खालचा जबडा थरथरू लागला. शिवणयंत्र चालावे तसा बारीक टकटक आवाज आला, ओठांच्या कडेला थोडा फेस दिसला. दहा-बारा सेकंदांत सगळे थांबले. कुत्र्याने तंगडी वर करून त्याच बुंध्यावर मुतून घेतले आणि काकांनी हाक मारताच शेपूट हलवत आला. भाकरी टाकली, ती खाल्ली. पाणी प्याला. "शेजारच्या वावरात कुत्री आहे काय?" असे विचारल्यावर काका म्हणाले, "आहे ना. तिच्यामागं चार कुत्रे फिरून राहिले."

हा प्रकार मी पशुवैद्यक असलेल्या माझ्या मित्राला सांगितला. त्याने प्रथम मलाच एक प्रश्न केला, "तुझ्या घरी गोऱ्हा होता ना? तो काय करायचा?"

गोऱ्हा, रेडा किंवा बोकड मादीचे मूत हुंगल्यावर मान उंच करतो, वरचा ओठ उलटा दुमडतो आणि काही क्षण तसाच उभा राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हा वासाचाच एक प्रकार आहे. जनावरांच्या वरच्या टाळूत, पुढच्या दातांच्या अगदी मागे, एक लहानसा उंचवटा असतो. त्याच्या बाजूला दोन बारीक छिद्रे असतात. तेथून निघालेल्या नळ्या नाकाच्या तळाशी असलेल्या एका वेगळ्या गंधेंद्रियाकडे जातात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग जेकबसन या डॅनिश शस्त्रवैद्याने त्याचे वर्णन केले, म्हणून त्यास जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. हवेत उडणारा वास नाकाने घेता येतो. परंतु मुतात व अंगाच्या स्रावात काही पदार्थ असे असतात की ते सहजी उडत नाहीत. ते ओलाव्यात विरघळवूनच आत न्यावे लागतात. मादी माजावर आहे काय, येथून गेलेला नर कोण, ही खबर अशा पदार्थांत असते.

कुत्र्याला गोऱ्ह्यासारखा वरचा ओठ दुमडता येत नाही. म्हणून तो ती जागा चाटतो, जीभ टाळूला दाबतो आणि जबडा भरभर हलवतो. त्यामुळे लाळेत मिसळलेला गंध त्या छिद्रांपर्यंत ढकलला जातो, असे समजतात. लाळ घुसळली गेल्याने फेस येतो. दातावर दात आपटतात तो आवाज आपल्याला ऐकू येतो. म्हणजे काकांचा कुत्रा पिसाळला नव्हता, तर पळसाच्या बुंध्यावर लिहिलेली चिठ्ठी वाचत होता. नर कुत्र्यात हे अधिक दिसते, मादीतही दिसू शकते. 'भाद्रपदातली कुत्री' असे आपण म्हणतो ते खरेच आहे. आपल्याकडे बऱ्याच कुत्र्या पावसाळ्याच्या शेवटाकडे माजावर येतात, त्यामुळे त्या दिवसांत हे दात वाजवणे जास्त आढळते. पण कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी पुन्हा माजावर येते. गावातल्या सगळ्या एकाच वेळी येत नाहीत, म्हणून मार्गशीर्षातही हे दिसणारच.

लांडग्याचे इंद्रिय तेच आणि रीतही तीच, कारण कुत्रा हा लांडग्याच्याच कुळातला, माणसाने हजारो वर्षांपूर्वी पाळलेला प्राणी आहे. हल्ली मोबाईलवर 'वुल्फडॉग' म्हणून लांडग्यासारख्या कुत्र्यांची चित्रे फिरतात आणि तो कुत्रा मालकाकडे पाहून दात वाजवतो तेव्हा लोक घाबरतात. अशा जाती परदेशात मुद्दाम तयार केल्या गेल्या. १९५५ साली चेकोस्लोव्हाकियात जर्मन शेफर्ड आणि कार्पेथियन लांडगा यांच्या संकराचा प्रयोग सुरू झाला, त्यातून आजची एक जात आली. हे प्राणी बुजरे आणि लवकर उत्तेजित होणारे असतात. मालक आला, अन्न दिसले, अनोळखी कुत्रा समोर आला की जबड्याचे स्नायू ताणले जाऊन दात वाजू शकतात. मात्र जबडा एकदम मिटून होणारा 'खट्' असा एकच मोठा आवाज वेगळा. तो 'जवळ येऊ नकोस' असा इशारा असतो, थरथर नव्हे. तो ऐकल्यावर मागे सरकावे.

असा संकर आपल्याच राज्यात, कोणी न करता, रानात झालेला आहे. पुण्याजवळच्या माळरानावर पिवळसर रंगाची, लांडग्यासारखी पण लांडगा न वाटणारी जनावरे दिसली होती. त्यांच्या केसांच्या जनुकीय तपासणीतून लांडगा व कुत्रा यांचा संकर असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गावकुत्र्यांची संख्या वाढली आणि लांडग्याला जोडीदार मिळेनासा झाला की असे घडते. आपल्या विदर्भातही माळाच्या व झुडपी रानाच्या कडेला लांडगा आहे. धुऱ्यावर वेगळ्या रंगाचे असे जनावर दिसल्यास त्याचे पिल्लू उचलून आणण्याचा मोह कोणी करू नये. लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे गुन्हा दाखल होतोच. शिवाय त्या पिल्लाला कोणता रोग आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

वासाशिवाय थंडी हे दुसरे साधे कारण. आपल्याकडे पौषात पारा दहा अंशांच्या आसपास व कधी त्याखालीही उतरतो. ओल्या वावरात रात्र काढणारा कुत्रा, त्यातही पिल्लू किंवा म्हातारे जनावर, थरथरते तेव्हा दातही वाजतात. पोत्यावर निजवले, आडोसा दिला की थांबते. तिसरे कारण तोंडातले दुखणे. कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि हाडे फोडताना वरची मोठी दाढ पुष्कळदा चिरते. हिरड्या सुजतात, दातांवर पिवळा थर चढतो, तोंडाला घाण येते. असा कुत्रा नेमका खाताना किंवा थंड पाणी पिताना दात वाजवतो, एकाच बाजूने चावतो, घास खाली टाकतो. यावर घरगुती उपाय नाही, दवाखान्यातच न्यावे.

येथपर्यंत काळजीचे काही नाही. यापुढचा भाग मात्र लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे.

दारव्ह्याकडील एका तरुण शेतकऱ्याने दुसऱ्याच कामासाठी आले असता मला सहज एक गोष्ट सांगितली. त्यांच्या कुत्र्याचा खालचा जबडा थरथरत होता, तोंड पुरते मिटत नव्हते, लाळेची तार लोंबत होती. पाणी पुढे केले तर तोंड घाली, पण गिळता येईना. भुंकण्याचा आवाज घोगरा झाला होता. घशात हाड अडकले असे समजून यांनी दोन बोटे घालून चाचपून पाहिले. काही सापडले नाही. तिसऱ्या दिवशी कुत्रा मेला, यांनी धुऱ्याखाली पुरला. या गोष्टीला पाच दिवस झाले होते.

मी म्हणालो, "भाऊ, आत्ता उठा आणि सरकारी दवाखान्यात जा." ते म्हणाले, "पण तो चावला नाही ना, सर." मी त्यांचा हात पाहिला. ते दिवस कपाशी वेचणीचे होते. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांना किती बारीक चिरा पडतात हे आपणांस सांगावयास नको. पिसाळण्याचा म्हणजे रेबीजचा विषाणू लाळेत असतो. त्याला दातच लागतात असे नाही, चिरेत लाळ गेली तरी पुरे. पिसाळलेला कुत्रा धावून चावतो एवढेच आपल्या डोक्यात असते. पण या रोगाचा एक मुका प्रकार आहे. त्यात जबडा व घसा लुळा पडतो, कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो आणि पाहणाऱ्याला हाड अडकल्यासारखे वाटते. तोंडात हात घालण्याची चूक माणूस येथेच करतो, तीही कुत्र्याच्या मायेपोटी.

ते गेले. जखमेत द्यावयाच्या सीरमसह लसीच्या सर्व मात्रा त्यांनी पूर्ण केल्या आणि आज ते ठणठणीत आहेत. त्या कुत्र्याला रेबीजच होता काय, हे आता कधीच कळणार नाही. पण माणसात रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर कोणताही उपाय चालत नाही, म्हणून कळण्याची वाट पाहता येत नाही. चावा, ओरखडा किंवा चिरेवर लाळ, काहीही झाले तरी प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे. तिखट, चुना, हळद काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झालाच असेल तरी जावे. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा लस घ्यावी लागते, एवढेच. कुत्रा जिवंत व आपला असेल तर लस सुरू करून त्याला दहा दिवस बांधून पाहावे. दहाव्या दिवशीही धडधाकट असल्यास चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे डॉक्टर धरतात आणि पुढच्या मात्रांचे ते ठरवतात. लांडगा, कोल्हा चावल्यास मात्र दहा दिवसांचा हिशेब नाही, सगळे उपचार लगेच. पिसाळलेल्या लांडग्याचा चावा फार खोल असतो. १८८६ साली रशियातील स्मोलेन्स्कहून लांडग्याने चावलेली एकोणीस माणसे पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आली होती. लस नवीच होती, तरी सोळा जण वाचले.

रेबीजसारखाच भासणारा दुसरा रोग म्हणजे डिस्टेंपर. हा माणसाला होत नाही. याचा विषाणू गोवराच्या आणि पूर्वी आपली गुरे संपवणाऱ्या बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद आहे. बुळकांडी लसीकरणाने जगातूनच गेली, २०११ साली तशी घोषणा झाली. डिस्टेंपर मात्र गावोगाव आहे. आधी ताप, डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला, हगवण. कधी पायाचे तळवे कडक होतात. मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, कुत्रा सुधारला असे वाटत असतानाच, जबडा गोंद चघळल्यासारखा हलू लागतो, दात वाजतात, एखादा पाय ठेक्यात झटके देतो. हे झटके झोपेतही चालू राहतात, ही मोठी खूण. विषाणूवर औषध नाही, केवळ लक्षणांवर उपचार होतात व पुष्कळ कुत्री दगावतात. पण पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांची होईपर्यंत लस दिल्यास हा रोग टळतो. गावकुत्र्याचा हा रोग रानातही जातो. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या रानात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या कडेला कुत्री पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या विषयाकडे येतो. कुत्रा अचानक दात वाजवू लागला, लाळ गळते आहे, ओकारी झाली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, चेहऱ्याचे स्नायू फडफडतात आणि ती फडफड पायांकडे उतरते आहे, तर वावरात काय फवारले ते आधी आठवावे. मज्जातंतूची आज्ञा स्नायूपर्यंत नेणारे एक रसायन शरीरात असते व काम झाले की ते मोडून टाकणारे एक विकर असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, फोरेट यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके त्या विकरालाच निकामी करतात. आज्ञा थांबतच नाही, स्नायू थरथरत राहतो. कुत्र्याच्या शरीरात जे घडते तेच माणसाच्याही शरीरात घडते. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व मजूर यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाले, वीसच्या आसपास दगावले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावर येत होता. फवारणीनंतर राखणीचा कुत्रा त्याच ओल्या ओळींतून फिरतो, अंगाला लागलेले चाटतो, औषध कालवलेल्या बादलीत तोंड घालतो. म्हणून रिकामा डबा कुत्र्याच्या पाण्यासाठी ठेवू नये, कितीही धुतला तरी नाही. 'थिमेट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोरेटच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात कोपऱ्यात जुनी पिशवी पडली असेल तर मुले आणि कुत्री यांच्यापासून दूर कुलपात ठेवून कृषी सहायकास कळवावे. डुकरांसाठी आमिषात कालवण्याचा विचारही नको, पहिला बळी आपलाच कुत्रा ठरतो.

सोयाबीनवाल्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले आणि मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचा वापर वाढला. या गोळ्यांचा वास कुत्र्यालाही ओढतो. खाल्ल्यावर थोड्याच वेळात सर्वांगाला कंप सुटतो व अंग तापते. गोळ्या टाकल्यावर काही दिवस कुत्रा बांधून ठेवावा. विषबाधेत दूध, तेल, मिठाचे पाणी पाजू नये. कापणारे कुत्रे ते गिळत नाही, ते फुप्फुसात जाते. अंगाला औषध लागले असल्यास हातमोजे घालून धुवावे आणि डब्यावरील चिठ्ठीसह पशुवैद्यकाकडे न्यावे. औषधाचे नाव कळले तर उताराही लवकर ठरतो.

शेवटचे कारण मिरगी. कुत्रा एकाएकी एका जागी टक लावून पाहतो, जबडा टकटकतो, हाक ऐकत नाही. मिनिटभराने भानावर येतो व गोंधळल्यासारखा हिंडतो. कांदा किंवा जोडा हुंगवू नये. तोंडात हात तर मुळीच घालू नये. फक्त आजूबाजूच्या वस्तू बाजूला कराव्या आणि किती वेळ चालले ते पाहावे.

माझ्या मित्राचे म्हणणे असे की, दात वाजतात यावरून त्याला काहीच कळत नाही. दात वाजण्यापूर्वी कुत्रा काय करत होता, हाक मारल्यावर वळला काय, नंतर खाल्ले-प्याले काय आणि झोपेत थांबते काय, हे मालकाने सांगितले तर निम्मे निदान गोठ्यातच होते. शक्य असल्यास मोबाईलवर चित्रण करून न्यावे, कारण दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हटकून शहाण्यासारखा बसतो! जनावर नेणे शक्य नसल्यास १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी विचारणा करावी. रेबीजची लस कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात व पुढे दरवर्षी द्यावयाची असते. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन रेबीज दिन म्हणून पाळला जातो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती मोफत टोचतात.

पांढरकवड्याच्या काकांच्या कुत्र्याला कोणतीही लस दिलेली नव्हती. म्हणून मित्राच्या सल्ल्याने तो दहा दिवस गोठ्याजवळ वेगळा बांधला आणि अकराव्या दिवशी लस टोचून पुन्हा वावरात सोडला. हरभरा घरी आल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमारास, काकांचा फोन आला. शेजारच्या कुत्रीला पाच पिल्ले झाली होती, त्यांतली दोन तांबूस. सहा आठवड्यांची झाली आहेत, पहिली लस कुठे मिळेल, असे ते विचारत होते.